घाटात टायर बसला, आता?

पहाटेच्या अंधारात नसरापूर फाट्यावरून राजगडाकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये हेडटॉर्च, दोर, पाणी, सुका खाऊ सगळं जागच्या जागी असतं. स्टेपनीत हवा किती आहे, असं विचारलं की मात्र गाडीत शांतता पसरते. गुंजवण्याच्या अलीकडे टायर बसला, तर त्या वेळी पंक्चरचं दुकान उघडं मिळणार नाही. पाचनई, साम्रद, घाटघर अशा गावांच्या वाटेवर तर फोनलाही रेंज असेलच असं नाही. तिथे गाडीत जे आहे आणि गाडीतल्या माणसांना जे येतं, त्यावरच निभवावं लागतं.

टायर बदलणं तसं वीस मिनिटांचं काम. गाडी कुठे थांबवली, यावर जास्त अवलंबून असतं. जून २०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग इथे एक मोटार पहाटे टायर बदलायला कडेला थांबली होती, मदतीला दुसरी मोटार थांबली. मागून भरधाव आलेली खासगी बस त्या दोन्हींवर आदळली आणि १७ जणांचा जीव गेला.

म्हणून टायर बसल्याचं कळताच करकचून ब्रेक मारू नये. स्टिअरिंग घट्ट धरून, अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू आवरायची, चारही इंडिकेटर लावायचे आणि सपाट, रुंद, दोन्ही बाजूंनी दुरून दिसेल अशी जागा मिळेपर्यंत रांगत पुढे जायचं. तेवढ्यात टायर कापला जाईल, कदाचित रिमही जाईल. जाऊ द्यावी. वळणाच्या लगेच पुढची जागा सर्वांत वाईट. पावसाळ्यात माळशेज किंवा वरंध घाटात सुटलेल्या कड्याखाली थांबणंही तितकंच वाईट, कारण तिथे धोका मागून नाही तर वरून येतो.

गाडी थांबली की सगळ्यांनी रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरायचं. द्रुतगती मार्गावर कठड्यापलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून राहणं किंवा गाडीच्या मागे उभं राहून सेल्फी काढणं अजिबात नको. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवावा. घाटात मीटर मोजण्यापेक्षा वळण बघावं आणि त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्या चालकाला वळायच्या आधी दिसेल असा ठेवावा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि चार दगड मांडायची जुनी रीत आहे. अडचणीच्या वेळी फांदी चालून जाते. पण गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आपटतो. मांडणाऱ्यानेच ते उचलायचे असतात.

आता टायर. हँडब्रेक ओढायचा, गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकायचा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला उताराच्या बाजूने मोठ्या दगडाची उटी लावायची. मग जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा अर्धा फेरा सैल करायचे. नवशिके इथेच गडबडतात: गाडी आधी उचलतात, मग नट फिरवायला गेलं की चाकच फिरतं आणि गाडी जॅकवर डोलू लागते. दुकानात यंत्राने आवळलेला नट हाताने हलत नसेल तर पाना आडवा लावून त्याच्या टोकाला टाचेने दाब द्यावा. उड्या मारू नयेत.

जॅक कुठेही लागत नाही. दारांखालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, खाचा असतात. जॅक तिथेच बसवायचा. जमीन ओली असेल तर जॅक रुतून कलतो, म्हणून डिकीत लाकडी फळीचा जाड तुकडा कायम असावा. विटा वापरू नयेत, दाबाखाली त्यांचा चुरा होतो. काढलेली स्टेपनी आधी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल आणि कुणाचा हात वाचेल. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग नट खाली घरंगळत गेलेला असला तरी.

नव्या चाकाचे नट निमुळत्या बाजूने आत घालून हाताने बसवायचे, गाडी खाली उतरवायची आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. पन्नासेक किलोमीटरनंतर ते एकदा पुन्हा तपासावेत. स्टेपनी आकाराने लहान असेल तर तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. तिला तात्पुरती सोय समजून पहिल्या दुकानात मूळ टायर दुरुस्त करून घ्यावा.

काही अडचणी घरीच सोडवाव्या लागतात. इनोव्हा किंवा एर्टिगासारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते. कोकणातले दोन पावसाळे खाल्ल्यावर ती खाली उतरवायचा स्क्रू गंजून बसतो. चोरी होऊ नये म्हणून बसवलेल्या नटची खास चावी घरच्या ड्रॉवरमध्ये राहते. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर काढायचं किट आणि छोटा पंप असतो. खिळा टोचलेल्या ट्यूबलेस टायरला ते पुरतं. बाजूची भिंत फाटली असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून एका सुटीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक एकदा काढून, पुन्हा बसवून बघावं.

खिळा दिसला तरी तो उपटू नये. पुष्कळदा त्यानेच भोक बुजवलेलं असतं. हवा भरून सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

गाडी ओढून नेणं हा वेगळाच विषय, आणि त्यात हौस फार घात करते. दोरीने ओढताना दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, असा नियम आहे. दोरीवर रंगीत फडकं बांधावं आणि वेग सायकलच्या आसपास ठेवावा. दोर गाडीबरोबर मिळालेल्या हुकातच अडकवायचा. हा हुक बंपरवरचं झाकण काढून आत फिरवून बसवतात. स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये त्याचे आटे उलटे असतात. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला दोर बांधला तर तोच भाग उपटून हातात येतो. मागच्या गाडीची किल्ली ‘ऑन’ हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, म्हणून मागे अनुभवी चालक बसवावा. घाट उतरताना दोरीने ओढणं टाळावंच. मागच्या गाडीचा ब्रेक कमी पडला तर ती पुढच्या गाडीवर येते. ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्या तर चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नयेत, त्यांना सपाट पाठीची टोइंग गाडीच लागते.

चिखलात रुतलेल्या गाडीसाठी गावातला ट्रॅक्टर येतो. त्या वेळी दोर ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच बांधला आहे ना, हे बघावं. उंचावर बांधला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा फिरतो. दोरावर मध्यभागी ओलं पोतं टाकून बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करावं. पैशांचं आधी बोलून घ्यावं. रविवारी सकाळी शेतातलं काम सोडून माणूस आलेला असतो, तेव्हा घासाघीस शोभत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२ आणि जखमींसाठी १०८ हे क्रमांक फोनमध्ये असतातच. एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डमध्येही ठेवावेत. रेंज नसेल तर पहिली येणारी एसटी थांबवावी. चालक-वाहक पुढच्या गावात निरोप देतात. निरोप सांगताना जवळचं गाव, किलोमीटरचा दगड, गाडीचा रंग आणि टायर गेला की इंजिन, एवढं सांगितलं की मेकॅनिक योग्य हत्यारं घेऊन निघतो.