आधी रोखणे, मग निस्तरणे : शून्य कचऱ्याविषयी एक पाठ

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-अअराफमधील ३१ वी आयत बहुतेक वाचकांना परिचित आहे. नमाजप्रसंगी नीटनेटका वेश करावा, खावे, प्यावे आणि मर्यादा ओलांडू नये, असे तीन आदेश तीत एकत्र आले आहेत. मर्यादा ओलांडणारे अल्लाहला प्रिय नाहीत, असे शेवटी बजावले आहे. येथे उपभोगाला बंदी नाही, पण उपभोग कोठे संपतो आणि उधळपट्टी कोठे सुरू होते याची जाणीव ठेवण्याची सक्ती आहे. सूरह बनी इस्राईलच्या २६ व २७ व्या आयतींत तर उधळ्या माणसांना सैतानाचे भाऊ ठरविले आहे. गरजेहून अधिक खर्चणे म्हणजे 'इस्राफ' आणि जेथे खर्चू नये तेथे खर्चणे म्हणजे 'तब्जीर', असा भेद उलमांनी केला आहे.

ही शिकवण आपण पैसा आणि अन्न यांना लावतो. घरातून रोज बाहेर जाणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला मात्र ती क्वचितच लावतो. या पाठात तो संबंध पाहावयाचा आहे. त्यातही ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय ज्या कुटुंबांनी लावून घेतली आहे आणि जे बांधव भंगार गोळा करून ते पुन्हा कामी आणतात, त्यांच्याशी प्रामुख्याने बोलायचे आहे. शून्य कचऱ्याचे ध्येय त्यांच्या पाठिंब्याखेरीज पुढे सरकणार नाही.

झालेले काम लहान नाही

आमचा खंडाळा तालुका सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्यामध्ये, पुणे-बंगळूर महामार्गावर वसला आहे. या परिसराच्या आसपासच्या तीन गावांनी देशात नाव मिळविले. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली कराड, २०२२ साली पाचगणी आणि २०२३ च्या सर्वेक्षणात नीरेपलीकडील पुरंदर तालुक्यातील सासवड प्रथम आले. यामागे सफाई कामगारांचे कष्ट आहेत आणि घरातच कचरा वेगळा करणाऱ्या हजारो गृहिणींची शिस्त आहे.

टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूचा उपयोग करून घेणे हे शरीअतला मान्य आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदका म्हणून मिळालेली बकरी मेली आणि ती टाकून देण्यात आली. प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात असता त्यांनी विचारले की, तिच्या कातड्याचा उपयोग का करून घेतला नाही? ती मेलेली आहे, असे लोकांनी सांगितले. त्यावर, निषिद्ध आहे ते तिचे खाणे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. म्हणजे वस्तूचा एक उपयोग संपला म्हणून तिचे सारे मोल संपत नाही. वस्तू गोळा करून पुन्हा उपयोगात आणणाऱ्या प्रत्येक हातामागे या हदीसचा आधार आहे. म्हणून शून्य कचऱ्याची गोष्ट सांगताना पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांचे काम कमी लेखणे अयोग्य आहे.

पुनर्प्रक्रियेची मर्यादा

तरीही एक प्रश्न उरतो. डबे वेगळे केले, रद्दी विकली, बाटल्या भंगारवाल्याला दिल्या; एवढ्याने आपली जबाबदारी पूर्ण झाली काय?

काच आणि ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतात. कागदाचे तसे नाही; प्रत्येक प्रक्रियेत त्याचे तंतू आखूड होत जातात आणि काही फेऱ्यांनंतर ते निकामी होतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीपासून बहुधा पुन्हा बाटली न होता धागा होतो आणि त्या धाग्याच्या कापडाला पुढे सहसा वाट नसते. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर असे निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते पाकीट उचलत नाही. चहाच्या कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा मुलामा असतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात जेवढ्या प्लास्टिकचा कचरा झाला त्यापैकी सुमारे ९ टक्क्यांवरच पुनर्प्रक्रिया झाली. सुमारे १२ टक्के जाळण्यात आले. उरलेले ७९ टक्के कचराडेपोंत किंवा उघड्या निसर्गात साचले. आपल्या ओढ्यात पडलेली पिशवी पावसाळ्यात नीरेत जाते. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड प्रकट झाला तो माणसांच्या हातांची कमाई आहे, आणि माणसांनी परत फिरावे म्हणून त्यातील काहीची चव त्यांना दिली जाते, असा आशय सूरह अर्-रूमच्या ४१ व्या आयतीत आहे. या आयतीचा अर्थ पूर्वी लढाया आणि दुष्काळ यांच्या संदर्भात सांगितला जाई. आज तो नदीकाठी उभे राहूनही समजतो.

'दफअ' आणि 'रफअ'

फिकहच्या अभ्यासात दोन शब्द वारंवार येतात. 'दफअ' म्हणजे एखादी गोष्ट घडण्याआधी रोखणे, आणि 'रफअ' म्हणजे घडून गेल्यावर ती दूर करणे. इमाम सुयूती (रह.) यांनी 'अल्-अश्बाह वन्-नजाइर' या ग्रंथात नियम नोंदविला आहे की, दफअ हा रफअपेक्षा बलवान असतो. उस्मानी राजवटीत तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत हे दोन्ही विचार आले आहेत. झालेली हानी दूर केली जावी, असे तिचे २० वे कलम सांगते. आणि हानी शक्य तेवढी आधीच रोखावी, असे ३१ वे कलम सांगते. दोन्ही कर्तव्येच आहेत, पण त्यांत क्रम आहे.

कचऱ्याला हा नियम लावून पाहा. पुनर्प्रक्रिया हा रफअ आहे. जी वस्तू एकदा वापरून टाकावी लागते ती घरात न आणणे हा दफअ आहे. रफअ करता येतो म्हणून दफअ सोडून देता येत नाही. रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडला तर हनफी मतानुसार सलग साठ रोज्यांचा कफ्फारा द्यावा लागतो. परंतु कफ्फारा देण्याची ताकद आहे म्हणून रोजा मोडण्याची परवानगी मिळत नाही. येथे दोन कृत्यांच्या पापाची बरोबरी करण्याचा हेतू नाही. उपाय उपलब्ध असणे आणि मुभा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच दाखवायचे आहे. 'आम्ही बाटल्या भंगारात देतो' हे वाक्य जेव्हा आणखी बाटल्या आणण्याचे कारण बनते, तेव्हा नेमकी हीच गल्लत होते.

प्रेषितांचे (स.) आचरण याबाबत स्पष्ट आहे. ते एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. पाणी आधी वापरून मग त्याची भरपाई करण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण मुळातच जपून घेतले आहे.

देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत कामांचा अग्रक्रम दिला होता : कचरा होऊच न देणे, कमी करणे, पुन्हा वापरणे, मग पुनर्प्रक्रिया, त्यानंतर ऊर्जा इत्यादी मिळविणे, आणि सर्वांत शेवटी विल्हेवाट. पुनर्प्रक्रिया त्यात चौथ्या स्थानी होती. आपण बहुतेक जण चौथ्या पायरीवर पोहोचून पहिल्या तीन विसरलो आहोत.

भंगार व्यवसायातील बांधवांची शंका

शून्य कचरा म्हटले की भंगार, रद्दी आणि प्लास्टिक खरेदी-विक्रीवर पोट असणाऱ्या माणसाच्या मनात एक शंका येते. कचराच नसेल तर आमच्या चुलीचे काय? आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. ही शंका रास्त आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येणार नाही.

पुण्यातील अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. १९९३ साली तेथे कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. पुढे या संघटनेतूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या भगिनींचे पोट पुनर्प्रक्रियेवरच आहे. तरी २०१३ साली 'स्वच्छ'ने वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उत्पादक कंपन्यांना परत पाठविण्याची मोहीम काढली. जी वस्तू विकता येत नाही, हाताळताना आजार देते आणि कोठेच पुन्हा कामी येत नाही, तिची जबाबदारी बनविणाऱ्याने घ्यावी, ही मागणी त्यामागे होती. म्हणजे कचरा हाताने उचलणाऱ्यांनीच उगमाकडे बोट दाखविले. कोणत्या वस्तूला भाव आहे आणि कोणती केवळ ओझे आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शून्य कचऱ्याची सुरुवात या ओझे ठरणाऱ्या वस्तूंपासून करावयाची आहे. त्या बंद झाल्याने भंगारवाल्याचे नुकसान होत नाही.

शिवाय वस्तू टिकविण्यातही रोजगार आहे. दक्षिण महाराष्ट्रात पिंजारी जुन्या गादीचा कापूस पिंजून ती नवी करीत. शिकलगार सुऱ्या-विळ्यांना धार लावीत. कल्हईवाले तांब्या-पितळेच्या भांड्यांचे आयुष्य वाढवीत. यांत आपलेच पूर्वज मोठ्या संख्येने होते. दुरुस्ती, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री आणि भांडी भाड्याने देणे ही कामे त्याच परंपरेतील आहेत. भंगाराच्या दुकानात चालू स्थितीतील पंखा वजनावर मोडीत न घालता दुरुस्त करून विकला तर कमाई अधिकच होईल.

'माऊन' आणि जमातीची भांडी

सूरह अल्-माऊनच्या शेवटी, साध्या वापराच्या वस्तूही इतरांना न देणाऱ्यांची निंदा आहे. प्रेषितांच्या (स.) काळात डोल आणि पातेले उसने देणे यालाच आम्ही माऊन समजत असू, असे हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे कथन 'अबू दाऊद'मध्ये आहे. नमाजमधील दिखाऊपणा आणि भांडी अडवून ठेवणे यांचा उल्लेख एकाच सूरहमध्ये यावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

वक्फचा नियमही आपल्याला मदत करतो. वक्फ सामान्यतः स्थावर मालमत्तेचा असतो, परंतु जेथे तशी प्रथा आहे तेथे कुऱ्हाड, फावडे, जनाजा, पातेली आणि देगा यांचा वक्फही इमाम मुहम्मद (रह.) यांनी योग्य ठरविला आणि 'हिदाया'त त्याची नोंद आहे. अनेक गावांत जमातीच्या देगा, परात आणि ताटे लग्नकार्यासाठी दिली जात, ती याच विचारातून. पुढे थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले स्वस्त झाले आणि जमातीची भांडी माळ्यावर गेली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा वस्तूंवर बंदी घातली, तरी कागदी मुलाम्याच्या पेल्यांनी त्यांची जागा घेतली.

म्हणून प्रत्येक जमातीने स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले वक्फ म्हणून घ्यावेत, हा या पाठाचा पहिला व्यावहारिक प्रस्ताव आहे. वलीमा, अकीका, इफ्तार यांसाठी ती द्यावीत. भांडी धुण्याचे काम मजुरी ठरवून द्यावे, म्हणजे एका कुटुंबाला रोजगारही मिळेल. आपल्या मरहूम आई-वडिलांच्या नावे शंभर पेले वक्फ करणाऱ्याला, ते वापरले जातील तोवर सवाब मिळत राहील, अशी आशा आहे.

पाठिंबा कसा मिळवावा

दारूबंदीचे आदेश टप्प्याटप्प्याने आले, हे सर्वांना ठाऊक आहे. सवयी बदलताना अल्लाहने माणसांना वेळ दिला. हीच रीत येथे ठेवावी.

१. जे कचरा वेगळा करतात त्यांचे आधी आभार मानावेत. त्यांच्या कामातील उणिवा मोजत बसू नये.

२. भंगारवाल्या बांधवाला मशिदीत बोलवून, कोणत्या वस्तू तो घेऊ शकत नाही हे त्याच्याच तोंडून ऐकावे. बंद करावयाच्या वस्तूंची यादी त्यातूनच तयार होईल.

३. एका वेळी एकच वस्तू घ्यावी. या रमजानमध्ये इफ्तारचे पेले, ईदुल-अज्हाला मांस वाटपाच्या प्लास्टिक पिशव्या. मांसासाठी लोकांनी घरून डबा आणावा. कुर्बानीचे कातडे भाव नाही म्हणून फेकून न देता ते घेणारा आधीच शोधावा.

४. जे उरेल त्यावर पुनर्प्रक्रिया चालूच ठेवावी. रस्त्यातील त्रासदायक वस्तू हटविणे ही ईमानची एक शाखा आहे आणि ती कायमच राहील.

घरात चर्चेसाठी

• आपल्या घरातून आठवड्यात बाहेर पडणाऱ्या वस्तूंपैकी भंगारवाला कोणत्या घेत नाही?

• त्यांपैकी कोणती एक वस्तू आपण पुढील महिन्यापासून आणणार नाही?

• शेजाऱ्याला उसनी देता येईल अशी कोणती वस्तू आपल्या घरी पडून आहे?

मुलांना हे प्रश्न अवश्य विचारावेत आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवावीत. अल्लाहने दिलेली प्रत्येक वस्तू ही अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे. बिघाड होण्याआधी तो रोखण्याची समज आणि झालेला बिघाड दूर करण्याचे बळ अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.