संपाचा हक्क आणि लोकशाही : कोरेगाव भीमाच्या वाटेवरून एक अभ्यास

राज्यशास्त्राच्या तासाला लोकशाहीचे आधारस्तंभ सांगावयाचे झाले, की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायालय आणि वृत्तपत्रे ही चार नावे हटकून येतात. कामगार संघटनेचे नाव कोणी घेत नाही. ती अर्थशास्त्राच्या पुस्तकात, 'औद्योगिक संबंध' नावाच्या प्रकरणात, वेतन आणि बोनसच्या शेजारी जाऊन बसते. ही वाटणी मला चुकीची वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी मी कोरेगाव भीमा हे गाव निवडले आहे. वाचकांना प्रथमदर्शनी हे विचित्र वाटेल. कोरेगाव म्हटले की आपल्याला १८१८ ची लढाई आठवते, संप आठवत नाही. परंतु नगर रस्त्याने एस.टी.ने जाताना भीमेच्या पुलाच्या अलीकडे जयस्तंभ दिसतो आणि पुलापलीकडे थोड्याच अंतरावर सणसवाडीच्या कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

लढाईविषयी थोडक्यात. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील कंपनी सरकारची सुमारे आठशे माणसांची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांची येथे गाठ पडली. तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. इतर जातीधर्मांचेही होते. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले. निर्णायक विजय कोणाचा, यावर इतिहासकार वाद घालतात आणि त्यांनी तो खुशाल घालावा. १८२१ मध्ये इंग्रजांनी ज्या स्तंभाचा पाया घातला, तो त्यांच्या राज्याच्या गौरवासाठी होता, यात शंका नाही. (हा स्तंभ खरे पाहता कोरेगावात नाही. तो नदीच्या पुण्याकडच्या बाजूला, पेरणे गावाच्या हद्दीत आहे.) प्रश्न असा, की साम्राज्याने स्वतःसाठी उभारलेल्या दगडाचा अर्थ पुढे बदलला कसा?

याचे उत्तर लढाईत नाही, पुढच्या शंभर वर्षांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बळावर राज्य मिळविले, त्यांनाच 'लढवय्या जातीं'च्या यादीतून वगळले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरविल्या, १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला, 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालविले. त्यांच्याच पुढाकाराने १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभापाशी सभा झाली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्यानंतर तीन महिने उलटण्याच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अर्ज-विनंतीचा काळ संपून हक्काचा काळ सुरू झाला, तो या दोन तारखांच्या मध्ये, असे मी मानतो. स्तंभावरची नावे तीच राहिली. त्यांच्याकडे पाहणारी माणसे बदलली.

आता कामगारांकडे वळू. योगायोग असा, की आपल्या देशातील कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर हे शेजारच्या खेड तालुक्यातले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो : रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी द्या, कामावर जखमी झालेल्याचा पगार कापू नका. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मतदानाचा हक्क ज्यांच्या स्वप्नातही नव्हता, त्या माणसांनी सभा, सह्या आणि निवेदन या मार्गाने एक सार्वजनिक निर्णय घडवून आणला. याला लोकशाहीची कृती म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

परंतु येथेच एक अवघड जागा आहे आणि कामगार चळवळीवरील गौरवपर लेख ती ओलांडून पुढे जातात. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे जेथे कापड विणले जाते तेथे, पगार बरा मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातील सूत तुटले वा संपले, की नवे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी होती. ही बंदी सरकारने घातलेली नव्हती. सोबत काम करणाऱ्या, एकाच चाळीच्या आवारात राहणाऱ्या कामगारांनी ती पाळली होती.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खाती सर्वांना खुली करावी ही मागणी यादीत घ्या, अन्यथा मी अस्पृश्य कामगारांना संपात उतरू नका म्हणून सांगेन. मागणी घेतली गेली, पण नाखुषीने. वाटाघाटीत ती निघाली तेव्हा मालकांनी उत्तर दिले, की हा अन्याय आमचा नाहीच. बोलणे कटू असले तरी खोटे नव्हते. पुढे १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, याचे डाव्या लेखकांना आजही वाईट वाटते. मला स्वतःला त्या विरोधाचे नवल वाटत नाही. धोट्याचा प्रश्न ज्यांना किरकोळ वाटला, त्यांच्या हाकेला ओ देण्याचे बंधन कोणावर नव्हते. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरलेल्या रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कामगारांतही आहे, असा खुलासा केला. युनियनने लोकशाहीचे रक्षण करावयाचे, तर युनियनच्या आतच लोकशाही हवी, असा याचा सरळ अर्थ आहे.

आणि म्हणून १९३८ सालच्या नोव्हेंबरची हकीगत मला फार मोलाची वाटते. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबई विधानसभेत पोहोचला होता. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया सक्तीची. ती पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा. आणि बेकायदा संपात भाग घेणाऱ्यास तुरुंगवास. शिवाय मालकाने मान्यता दिलेल्या युनियनला नोंदणी सोपी, न दिलेल्या युनियनला कठीण. विधेयकाचे समर्थन 'औद्योगिक शांतता' या गोड नावाने केले गेले. मंत्रिमंडळ निवडून आलेले, राष्ट्रीय चळवळीतले. तेव्हा परकीय सरकारशी लढण्यापेक्षा हा प्रसंग वेगळा होता.

आंबेडकरांनी सभागृहात जे मांडले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचण्यासारखे आहे. त्याचा सारांश असा : संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी बाब आहे, तो फौजदारी गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे आणि नकार दिल्यास तुरुंगात धाडणे याला गुलामगिरीशिवाय दुसरे नाव नाही. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ज्यांना देशाच्या स्वातंत्र्याचा हक्क पवित्र वाटतो, त्यांनी हा नाकारणे शोभत नाही. मला यातील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. भावनेला हात घालण्याआधी ते कायद्याचा प्रश्न सोडवितात, आणि मग भावनेची फारशी गरजच उरत नाही.

विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप पुकारला गेला. आदल्या दिवशी कामगार मैदानावर जमनादास मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे, मिरजकर आदी कम्युनिस्ट पुढारी दहा वर्षांच्या भांडणानंतर एकत्र आले. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक कामगार वस्त्यांतून फिरले. संपाच्या दिवशी दगडफेक, लाठीमार झाला. पोलिसांनी गोळीबारही केला. कायदा मात्र झालाच. तेव्हा संप फसला म्हणावे काय? पगारवाढीच्या मोजमापाने पाहिले तर हातात काहीच पडले नाही. पण मागणी पगाराची नव्हतीच. कायदेमंडळात अल्पमतात असलेल्यांनी कायदेमंडळाबाहेर आपला नकार नोंदविला होता, आणि १९२८ मध्ये धोट्यावरून ज्यांच्यात भिंत होती, ते कामगार त्या एका दिवशी भिंतीच्या एकाच बाजूला उभे होते.

या कायद्याचा धागा पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात गेला. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि वाटाघाटीचा हक्क तिलाच. कामगारांचा विश्वास उडाला तरी ती हटविणे जिकिरीचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा पगाराइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही त्यांच्या तोंडी होती. आमदार निवडण्यास लायक ठरलेल्या माणसाला आपल्या वतीने बोलणारी युनियन गुप्त मतदानाने निवडता येऊ नये, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. मध्यंतरी मे १९७४ चा वीस दिवसांचा रेल्वे संप ज्या रीतीने मोडला गेला, तिच्यात पुढच्या वर्षीच्या आणीबाणीची पूर्वखूण दिसते, एवढे म्हणून हा भाग आटोपतो. आणीबाणीत, सप्टेंबर १९७५ मध्ये, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला तेव्हा त्याविरुद्ध संप करण्यास कोणी मोकळे उरले नव्हते.

कोरेगावी परत येऊ. १ जानेवारी २०१८ रोजी स्तंभाला वंदन करण्यास आलेल्या लोकांवर दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. चौकशी आयोग नेमला गेला. आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेच्या संदर्भात त्याच वर्षी अटका झाल्या. त्यांत छत्तीसगडमध्ये अनेक वर्षे कामगार संघटनेत काम केलेल्या वकील सुधा भारद्वाज होत्या. त्या डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटल्या. फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच वारले. आरोपांचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे, त्याविषयी मी बोलणार नाही. पण माणसे वर्षानुवर्षे आत राहतात आणि खटला उभा राहत नाही, याविषयी बोलण्यास कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि पुलापलीकडचे कारखाने? माझा एक मावसभाऊ त्या पट्ट्यात कामाला आहे. चार वर्षे तो एकाच मशीनवर उभा आहे. या काळात त्याचे ठेकेदार तीन झाले. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव ठेकेदाराचे, माल कंपनीचा. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची पोरे त्याच्याबरोबर एका खोलीत राहतात. युनियनची गोष्ट काढली की तो हसतो. "दादा, युनियन कुणाविरुद्ध करायची ते आधी सांग," म्हणतो.

त्याचे हसणे मी हसण्यावारी नेले नाही, कायदा उघडून पाहिला. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी. समेटाची कारवाई चालू असताना संप बेकायदा. बेकायदा संपास दंड आणि कैद. १९३८ चे विधेयक शेजारी ठेवून वाचले, तर ओळख पटण्यास वेळ लागत नाही. एक गोष्ट मात्र नवी आहे. ज्या युनियनकडे आस्थापनेच्या मस्टरवरील ५१ टक्के कामगार असतील, ती वाटाघाटीची एकमेव युनियन. संख्या मोजून प्रतिनिधी ठरविणे हे १९४६ च्या व्यवस्थेपेक्षा बरेच म्हणावे लागेल. पण ही टक्केवारी मस्टरवरच्या नावांची आहे, आणि माझ्या मावसभावाचे नाव कंपनीच्या मस्टरवर नाही. त्याच्या खोलीतील कोणाचेच नाही. साचाखात्याचे दार त्या काळी विटाळाने बंद होते. हे दार हजेरीच्या वहीने बंद आहे. कायम कामगारांची युनियन त्यांच्यासाठी ते उघडावयास सांगते की धोट्याप्रमाणे किरकोळ समजते, हे मला येत्या सुटीत सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यात जाऊन विचारावयाचे आहे.