मातृत्वाचा निर्णय आणि स्त्रीची संमती

सह्याद्रीच्या माथ्यापासून वारणा-कडवीच्या खोऱ्यांपर्यंत पसरलेल्या शाहूवाडी तालुक्यात अनेक वाड्या आणि धनगरवाडे मुख्य रस्त्यापासून दूर आहेत. पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरण्याची रीत येथे जुनी आहे. मागे शेती, गुरे, वृद्ध आणि मुले यांचा भार स्त्रीच वाहते. संसाराचे इतके निर्णय जी एकटीने घेते, तिला स्वतःच्या मातृत्वाविषयी मात्र इतरांच्या होकाराची वाट पाहावी लागत असेल, तर राज्यघटनेतील समानता तिच्या उंबरठ्याबाहेरच राहिली, असे म्हणावे लागेल.

या विचाराची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला गेला. तो फेटाळला गेला, तरी प्रश्न मिटला नाही.

घटनेचा अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानता देतो, तर अनुच्छेद १५ लिंगभेदास मनाई करतो. अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात अपत्यासंबंधीचा निर्णयही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणातील स्त्रीला मूल हवे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मूल नको म्हणण्याचा आणि हवे म्हणण्याचा, असे दोन्ही अधिकार तिचेच होत.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, त्यात सांगितलेल्या कारणांसाठी आणि मान्यताप्राप्त ठिकाणी, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या अभिप्रायाने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने अत्याचारपीडित, अल्पवयीन, दिव्यांग आदी विशिष्ट स्त्रियांसाठी ही मुदत दोन डॉक्टरांच्या अभिप्रायाने चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तरीही मुंबईहून पतीचा निरोप येईपर्यंत थांबण्यात आठवडे जातात, धोका वाढतो आणि कधी कायद्याची मुदतही टळते.

गर्भलिंगनिदान ही मात्र सर्वस्वी वेगळी बाब आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. मुलगी नको म्हणून होणारा गर्भपात हा समानतेवरच घाला आहे. परंतु त्या गुन्ह्याच्या भीतीपोटी कायदेशीर उपचार मागणाऱ्या स्त्रीला दारातून परत पाठविणे हाही अन्यायच होय.

पंचायतींत स्त्रियांना २०११ पासून पन्नास टक्के आरक्षण आहे. दोनपेक्षा अधिक अपत्यांमुळे सदस्यत्व जाते, हा नियमही सदस्यांना ठाऊक आहे. ज्या निर्णयात तिला कोणी विचारलेच नाही, त्याची किंमत तिने पदाने चुकवावी, हे कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रत्येक ग्रामसभेने करावयास हवा.

ग्रामसभेची शक्ती थोडी नाही. याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन इतर ग्रामपंचायतींना केले. त्याच धर्तीवर महिला सभेत या कायद्याचे वाचन व्हावे. आरोग्य केंद्राने संमतीचा नियम दर्शनी भागी लावावा आणि आशा कार्यकर्तीने तो वाडीवाडीवर पोहोचवावा. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना समानतेचे अनुच्छेद समजावून द्यावेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे घटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्यच आहे. ते पाळले गेले, तर दूरच्या धनगरवाड्यावरील स्त्रीलाही तिचा हक्क वेळेवर मिळेल.