जाळीं नीट करणारा गुरु



प्रभु येशूनें बारा शिष्यांस कसें बोलाविलें, ही गोष्ट शास्त्राच्या तासाला तुम्ही पुष्कळदां ऐकली आहे. आम्ही पेशानें शिक्षक. म्हणून ती वाचतांना आमचें लक्ष एका निराळ्या प्रश्नाकडे जातें. येथें एक गुरु आहे, बारा विद्यार्थी आहेत आणि अभ्यासाला मिळालेला काळ जेमतेम तीन वर्षांचा आहे. एवढ्या अवधींत त्यानें त्यांस घडविलें तें कोणत्या रीतीनें? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

१. पाचारण

गालीलचा समुद्र हा नांवाचाच समुद्र होय. वस्तुतः तें गोड्या पाण्याचें सरोवर असून त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी सुमारें १३ किलोमीटर आहे. सन १९८६ मध्यें अवर्षणामुळें त्याचें पाणी ओसरलें, तेव्हां दोघां भावांस कांठच्या चिखलांत एक पुरातन होडी सांपडली. ती ख्रिस्ताच्या काळाच्या सुमाराची आहे असें संशोधकांनीं ठरविलें आहे. होडीची लांबी सुमारें ८ मीटर असून, निरनिराळ्या जातींच्या लांकडांचे तुकडे लावून तिची पुनःपुन्हा डागडुजी केलेली आढळली. शिमोन, अंद्रिया, याकोब व योहान हे अशाच होड्यांवर पोट भरणारे कोळी होते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत त्यांच्या पाचारणाचें वर्णन आहे. हाक आली तेव्हां पहिले दोघे पाण्यांत जाळें टाकीत होते व दुसरे दोघे होडींत बसून जाळीं नीट करीत होते. पुढें लेवीला हाक आली ती जकातीच्या नाक्यावर. आपल्याकडे पूर्वीं शिष्य हातीं समिधा घेऊन गुरूच्या आश्रमीं जात असे. यहूदी लोकांतही विद्यार्थ्यानेंच गुरु शोधावा अशी सर्वसाधारण रीत होती. येथें मात्र गुरु स्वतः विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागीं गेला. तेव्हां पाचारणाची वाट पाहत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. हातचें काम करीत असतांही तें येतें.

आईबापांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. याकोब व योहान निघून गेले तेव्हां त्यांचा बाप जब्दी चाकरांसह होडींतच राहिला. त्याला काय वाटलें हें शास्त्र सांगत नाहीं; परंतु त्यानें मुलांस अडविल्याचेंही कोठें लिहिलेलें नाहीं.

२. सहवास

लूक सांगतो कीं, बाराजणांस निवडण्यापूर्वीं प्रभूनें सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेंत घालविली. निवडीचा हेतु मार्कानें तिसऱ्या अध्यायांत दिला आहे: त्यांनीं प्रथम त्याच्याजवळ असावें व मग त्यानें त्यांस उपदेशास पाठवावें. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीं सहवास, मग सेवा. ते त्याच्या पंक्तीस बसले, त्याच्याबरोबर धुळीच्या वाटा तुडविल्या, कुष्ठरोग्याच्या अंगास त्याचा हात लागतांना त्यांनीं पाहिला. आणि एकमेकांचाही सहवास त्यांस सोसावा लागला. लोकांच्या तिरस्काराचा विषय झालेला जकातदार मत्तय आणि ज्याच्या नांवास ‘आवेशी’ अशी पदवी जोडलेली असे तो दुसरा शिमोन, हे दोघे एकाच मंडळींत होते.

३. कामगिरी

नुसत्या ऐकण्यानें विद्या पक्की होत नाहीं. म्हणून प्रभूनें त्यांस दोघे दोघे असे गांवोगांवीं पाठविलें. मार्क म्हणतो कीं, हातीं काठी असावी, पायांत वहाणा असाव्यात. पण भाकर, झोळी, कमरेस पैसा किंवा दुसरा अंगरखा बरोबर नसावा. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्याला देवावर व लोकांच्या आदरातिथ्यावर विसंबणें भाग पडतें, हाच त्यांतला धडा. परत आल्यावर त्यांनीं आपलें सर्व वृत्त सांगितलें, तें त्यानें ऐकून घेतलें, आणि लगेच नवें काम न सांगतां त्यांस विश्रांतीसाठीं एकांतांत नेलें.

४. चुका

हे विद्यार्थी मोठे हुशार होते असें समजूं नका. मार्काच्या नवव्या अध्यायांत एका आजारी मुलास बरें करण्यास ते असमर्थ ठरले. कारण विचारतां प्रभूनें त्यांस प्रार्थनेचें महत्त्व सांगितलें. त्याच अध्यायांत आपणांत थोर कोण याविषयीं ते वाटेनें भांडले. प्रभूनें घरीं खालीं बसून त्यांस जवळ बोलाविलें व एक लहान मूल मध्यें उभें केलें. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत तर जब्दीच्या मुलांची आई आपल्या मुलांसाठीं मानाचीं आसनें मागावयास आली. कोणत्या आईस असें वाटत नाहीं? प्रभूनें तिला झिडकारलें नाहीं. पण आसनापूर्वीं दुःखाचा प्याला असतो हें त्यानें मुलांस सांगितलें. इ. स. ४४ च्या सुमारास हेरोद राजानें त्यांपैकीं याकोबाचा तरवारीनें वध केला. त्या प्याल्याचा अर्थ त्याच्यापुरता असा पुरा झाला.

एका शिष्यानें, यहूदानें, गुरूस धरून दिलें. सर्वोत्तम शिक्षणही शिष्याच्या इच्छेवर जबरी करीत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस व तुम्हां आईबापांस नम्र करणारें सत्य आहे.

५. नीट करणें

याकोब व योहान जाळीं ‘नीट करीत’ होते. तेथें मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे, तेंच लूकाच्या सहाव्या अध्यायांत पूर्ण शिकून तयार झालेल्या शिष्याविषयीं योजिलें आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत चुकलेल्या बंधूस सौम्यतेनें ताळ्यावर आणण्यास सांगितलें आहे, तेथेंही तेंच क्रियापद आहे. शिकविणें म्हणजे फाटलें तेथें सांधणें.

पेत्राची हकीकत याची साक्ष आहे. कोळशाच्या शेगडीपाशीं त्यानें तीनदां गुरूस नाकारलें. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं तसाच कोळशाचा विस्तव पेटला होता. तेथें प्रभूनें आधीं सर्वांस जेवूं घातलें, मग पेत्रास तीनदां प्रीतीविषयीं विचारलें, आणि तिन्ही वेळां मेंढरांची जबाबदारी त्याजवर सोंपविली. जितके छेद, तितकेच टांके.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. शिक्षकीच्या आरंभीं, दुसऱ्या एका गांवीं, परीक्षेंत नक्कल करतांना एक मुलगा आमच्या हातीं लागला. अपराध खरा होता. पण साऱ्या वर्गासमोर ‘तुझ्या हातून आयुष्यांत कांहीं व्हावयाचें नाहीं,’ असें आम्ही त्यास बोललों. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं, आणि आम्हीही त्याच्या घरीं गेलों नाहीं. योहानाचा एकविसावा अध्याय शिकवितांना आजही आमचा आवाज त्या ठिकाणीं अडखळतो. विस्तव पेटविणें आमच्या हातीं होतें. आम्ही तो पेटविला नाहीं.

मुलांनो, सर्वांसच उपदेशकाचें पाचारण होत नाहीं. परंतु शेत, दवाखाना, कारखाना, शाळा, जेथें तुम्ही जाल तेथें कोणीतरी फाटलेला तुमच्यासमोर येईल. त्या वेळीं आपल्या गुरूची रीत आठवा.

मननासाठीं प्रश्न

१. पाचारणाच्या वेळीं प्रत्येक शिष्य काय करीत होता? आज तुमच्या हातीं कोणतें काम आहे?
२. आईबापांनो, मुलासाठीं आपण आसन मागतों कीं प्याला सोसण्याचें बळ?
३. ज्याच्या घरीं जावयाचें राहिलें असा कोणी तुम्हांस आठवतो काय?