‘टु’ आणि ‘इंग’

गेल्या वर्षी तलासरीकडील एका विद्यार्थ्याने फी-माफीसाठी इंग्रजीत अर्ज लिहून आम्हांस दाखविला. ‘माय फादर स्टॉप्ड टु वर्क इन द वाडी,’ असे त्यात होते. वडील आजारी पडून त्यांचे डहाणूच्या चिकूवाडीतील काम सुटले, हे त्यास सांगावयाचे होते. वाक्याचा अर्थ मात्र, वडील वाडीत काम करण्यासाठी थांबले, असा झाला! अर्ज तसाच गेला असता, तर माफी मिळाली असती की नाही, कोण जाणे. ‘स्टॉप्ड वर्किंग’ एवढी दुरुस्ती पुरली.

हा भेद मराठीत आपण नकळत पाळतो. ‘काम करावयास थांबला’ व ‘काम करावयाचे थांबला’ यांत कोणी घोटाळा करीत नाही. पहिल्यात हेतू आहे, तेथे इंग्रजीत ‘टु’ येतो. दुसऱ्यात क्रियेचेच नाव आहे, तेथे ‘इंग’. ‘रिमेंबर’चेही असेच: ‘रिमेंबर टु पोस्ट’ म्हणजे पत्र टाकण्याची आठवण ठेवणे, ‘रिमेंबर पोस्टिंग’ म्हणजे टाकल्याचे आठवणे.

तथापि मराठीवर सर्वस्वी विसंबू नये. ‘मला पोहावयास आवडते’ यावरून ‘एंजॉय टु स्विम’ लिहाल तर फसाल. ‘एंजॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांपुढे ‘इंग’च लागते, ‘होप’, ‘डिसाइड’ यांपुढे ‘टु’. ही यादी पाठच करावी. आम्हांस दुसरा उपाय सापडला नाही. आणि ‘लुक फॉरवर्ड टु’ यातील ‘टु’ शब्दयोगी आहे, म्हणून त्यापुढे ‘मीटिंग यू’ येते, ‘मीट यू’ नव्हे. येथे पुष्कळ पदवीधरही चुकतात. आम्हीही चुकलो आहोत.