क्रेनआधी जमीन तपासा

प्रश्न : ऊर्जा साठवणाऱ्या बॅटरी-प्रकल्पांच्या बांधकामावर कामे मिळू लागली आहेत. क्रेनचालक अनुभवी असला, तर बॅटरीचे कंटेनर उतरवण्यात धोका राहतो का? (एक वाचक, निडी, रोहा)

उत्तर : राहतो, कारण अनुभव क्रेनच्या केबिनमध्ये असतो आणि क्रेन कलंडते ती अनेकदा पायाखालच्या जमिनीमुळे. वीस फुटी बॅटरी-कंटेनर चाळीस टनांच्या आसपास असू शकतो. समजा, क्रेनचे वजन 60 टन. वळताना या 100 टनांपैकी 70 टन एकाच आउटरिगरवर (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या आधार-पायावर) आले आणि त्याची पाटी अर्धा मीटर चौरस असली, तर प्रत्येक चौरस मीटरवर 280 टनांचा दाब पडतो. निडी-नागोठणे पट्ट्यातल्या भातखाचरावर मुरूम टाकून केलेला भराव पावसाळ्यात एवढा दाब सोसेल, असे मानणे हाच खरा धोका. पाटीखाली दोन मीटर चौरस भक्कम मॅट घातली की तोच दाब साडेसतरा टनांवर येतो. तोही जमीन पेलेल का, हे भार-चाचणीनेच कळते.

मॅट आणि चाचणी यांत वेळ आणि पैसा जातो, ही ठेकेदाराची तक्रार खोटी नाही. पण बॅटरी बंद करून निर्धोक करता येत नाही; आतल्या सेलमध्ये प्रवासातही काही चार्ज असतो, आणि आपटलेला कंटेनर नंतरही पेटू शकतो. आणि धोका फक्त आगीचा नाही : ऑगस्ट 2023मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र, गर्डर-लाँचर, कोसळून 20 जण गेले. अशा यंत्राखाली उभा माणूस पळू शकत नाही. म्हणून उचल सुरू होण्याआधी चाचणीचा कागद मागा, आणि लटकत्या भाराखाली कुणीही सांगितले तरी उभे राहू नका.