ऱ्होड्सचा वेढा

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला आणि त्याच्या विस्तीर्ण साम्राज्यासाठी त्याच्या सेनापतींमध्ये युद्धे सुरू झाली. आशिया मायनरच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळील ऱ्होड्स या नगरराज्याने या कलहापासून अलिप्त राहण्याचे धोरण स्वीकारले होते. त्याची समृद्धी सागरी व्यापारावर, विशेषतः इजिप्तशी असलेल्या व्यापारावर अवलंबून होती. म्हणूनच इजिप्तच्या टॉलेमीविरुद्ध युद्धात उतरण्याची अँटिगोनसची मागणी त्याने नाकारली. परिणामी इ.स.पू. ३०५ मध्ये अँटिगोनसचा पुत्र डिमिट्रियस ऱ्होड्सवर चालून आला. डायोडोरस या इतिहासकाराच्या मते त्याच्याजवळ २०० युद्धनौका, १७० हून अधिक वाहतुकीची जहाजे आणि सुमारे ४०,००० सैनिक होते. उलट, नगरात लढण्यास समर्थ असे नागरिक होते सुमारे ६,०००, तर परदेशी रहिवासी सुमारे १,०००.

ही उणीव केवळ तटबंदीने भरून निघणारी नव्हती. म्हणून नगरसभेने काही महत्त्वाचे निर्णय घेतले. जे गुलाम शौर्य गाजवतील त्यांना मालकांकडून विकत घेऊन मुक्त करावे व नागरिकत्व द्यावे. युद्धात पडलेल्यांचे अंत्यसंस्कार सरकारी खर्चाने करावेत. त्यांच्या आईवडिलांचा व मुलांचा सांभाळ राज्याने करावा, असे ठरले. नगराचे रक्षण हे अशा रीतीने सर्वांचेच कार्य झाले.

डिमिट्रियसचा पहिला रोख बंदरावर होता. जहाजे जोडून त्यांवर त्याने युद्धयंत्रे चढविली. परंतु बंदर काही त्याच्या हाती आले नाही. ऱ्होड्सच्या चपळ नौका नाकेबंदी चुकवून बाहेर पडत, शत्रूची रसद लुटत. टॉलेमीचे धान्य व सैनिकांच्या तुकड्याही नगरात पोहोचत राहिल्या. समुद्राचा मार्ग पूर्णपणे बंद करता आला नाही, हेच वेढा फसण्याचे एक मुख्य कारण होय.

पुढे डिमिट्रियसने जमिनीवरून हल्ला चढविला. त्याने उभारलेला नऊ मजली, चाकांचा प्रचंड मनोरा हलविण्यासाठी ३,४०० माणसे लागत. तट कोसळणार हे ओळखून ऱ्होड्सवासीयांनी आतल्या बाजूस दुसरी भिंत बांधली. त्यासाठी नाट्यगृहाची बाहेरची भिंत, आसपासची घरे आणि काही मंदिरेही पाडली. युद्धानंतर अधिक सुंदर मंदिरे बांधू, असा नवस देवांना केला. मात्र अँटिगोनस व डिमिट्रियस यांचे नगरातील पुतळे पाडण्याची सूचना सभेने फेटाळली. तहाची वाट मोकळी ठेवणारे हे शहाणपण होते.

सुमारे वर्षभराने, इ.स.पू. ३०४ मध्ये तह झाला. ऱ्होड्सने १०० ओलीस दिले व अँटिगोनसशी मैत्री पत्करली. पण टॉलेमीविरुद्ध शस्त्र उचलण्याचे बंधन त्याच्यावर राहिले नाही. ज्या गोष्टीला नकार दिल्यामुळे युद्ध ओढवले होते, ती अखेरपर्यंत मान्य करावी लागली नाही. वचन दिल्याप्रमाणे शूर गुलामांना स्वातंत्र्य व नागरिकत्व मिळाले. पुढे शत्रूने मागे टाकलेली युद्धसामग्री विकून आलेल्या पैशातून सूर्यदेवाचा भव्य कांस्यपुतळा उभारण्यात आला, असे प्लिनी सांगतो. प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक मानला गेलेला हा पुतळा इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंपाने कोसळला.